जनाना दवाखान्याची बोलणारी बाई

माझ्या कामाला तेव्हा नाव नव्हतं. सरकारी कागदावर 'तर्जुमान' असं लिहिलेलं असे, म्हणजे दुभाषी. परभणीच्या बाजारात बायका मला 'दवाखान्याची बोलणारी बाई' म्हणत. आता अशा कामाला जनसंपर्क म्हणतात, त्याचं शिक्षण मिळतं, त्यात वर वर चढायच्या जागा असतात, हे मला नातीकडून कळलं. तिला त्या कामात जायचं आहे. तू त्यात कशी शिरलीस, असं तिनं मला विचारलं. तिला जे सांगितलं ते जरा नीट लावून इथं लिहिते.

मी शिरले ती शेजारणीमुळे. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. निजामाच्या राज्यात कचेरी, अदालत, ठाणं, सगळा कारभार उर्दूत चाले, म्हणून वडिलांनी भावांच्या बरोबरीनं मलाही घरी उर्दू शिकवलं. लग्न होऊन मी परभणीतच राहिले. नवराही मास्तरच. आमच्या शेजारी एक बाळंतीण होती. तिच्या थानात गळू झालं, ताप चढला, आणि तिनं ते लपवून ठेवलं. अगदीच उठवेना तेव्हा तिला टांग्यात घालून जनाना दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं.

डॉक्टरीणबाई हैदराबादेत शिकलेल्या, उंच, चष्मा लावणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या मुसलमान बाई होत्या. नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी गळू बघितलं आणि मला उर्दूत म्हणाल्या, हिला विचारा, इतके दिवस का लपवलं. मी तसं विचारलं नाही. "घरात कुणाला सांगावंसं वाटलं होतं का गं?" असं विचारलं. ती रडायला लागली आणि मग सगळं बोलली. दूध तोडायला लागेल, पोराची आबाळ होईल, सासू आपल्यालाच बोल लावील, अशी भीती तिच्या मनात बसली होती.

डॉक्टरीणबाईंना अंदाजानं थोडं कळलं असावं. त्या म्हणाल्या, मी एक विचारलं आणि तुम्ही दुसरंच विचारलंत. मी म्हणाले की तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नसतं. त्यांनी लगेच गळू फोडायची तयारी केली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा शिपाई आमच्या दारात उभा होता. नोकरी करता का, असा निरोप होता.

सासूबाईंनी जेवण टाकलं. मास्तराची बायको परक्यांच्या विटाळात हात घालणार, हे त्यांना सोसवेना. नवऱ्यानं मला एवढंच विचारलं की तुला जायचं आहे का. मी हो म्हणाले. मग त्यानं आईशी बोलून एक तोडगा काढला. मी संध्याकाळी घरी आले की मागच्या दारी न्हाणीत अंघोळ करायची, लुगडं बदलायचं, मगच घरात पाऊल टाकायचं. पुसा-माघाच्या थंडीतही मी ते पाळलं. काम सोडायचं नव्हतं, तेव्हा थंड पाण्याची कुरकुर करण्यात अर्थ नव्हता.

दवाखाना म्हणजे दगडी बांधणीची बैठी इमारत, पुढं लांब ओसरी, आत पांढऱ्या चादरी घातलेल्या खाटा. त्या खाटा बहुतेक रिकाम्या असत. बायका यायच्याच नाहीत. यायच्या त्या घरचे सगळे उपाय थकल्यावर, आणि मग त्यातल्या काही वाचत नसत. त्यामुळं दवाखाना म्हणजे मरायची जागा असं गावात झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तहसिलीत सांगून दवंडी पिटवली. बाळंतपणाला दवाखान्यात या, असं डफ वाजवून भर बाजारात ओरडून सांगितलं गेलं. पुरुषांनी माना खाली घातल्या, काही हसले. बायकांच्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या म्हणून उलट राग आला. एकही बाई आली नाही. मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले की मला ओसरीवर बसवून ठेवू नका, बाहेर जाऊ द्या. त्यांनी विचारलं, बाहेर जाऊन काय सांगणार. मी म्हणाले, आधी काही सांगणार नाही, ऐकेन.

मी विहिरींवर गेले, देवळात कीर्तनाला बसले, आठवडी बाजारात बायकांच्या घोळक्यात उभी राहिले. पण अनोळखी घरात मला कोण घेणार? तिथं मला कासारीण मावशी भेटली. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती परभणीत आणि आसपासच्या खेड्यांत फिरायची. बांगड्या भरताना बाईचा हात तिच्या हातात असायचा आणि बाई मनातलं बोलायची. तिच्या स्वतःच्या मुलीचं गळू डॉक्टरीणबाईंनी फोडलं होतं, तेव्हा दवाखान्याविषयी तिच्या मनात माया होती. ती मला बरोबर न्यायला लागली. ती बांगड्या भरायची, मी शेजारी बसायची. पोटुशी बाई असली, पाय सुजले असले, आधीचं बाळंतपण अडलेलं असलं, तर मी दवाखान्याची गोष्ट काढायची. हळूहळू खाटांवर माणसं दिसायला लागली.

अशीच मी पेडगावला गेले होते. तिथं एका शेतकऱ्याच्या घरात पहिलटकरीण होती, वयानं लहान, अंगानं बारीक. मी तिच्या सासूला समजावलं. सासू कणखर बाई होती. सगळं शेत तीच बघायची. तिनं नीट ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाली, "तुमच्या शब्दावर आणते."

तिनं शब्द पाळला. कळा सुरू झाल्याबरोबर सुनेला बैलगाडीत घालून आणलं. आणि नेमक्या त्या दिवशी डॉक्टरीणबाई परभणीत नव्हत्या. कोणी मोठे अंमलदार तालुक्याच्या गावी दौऱ्यावर येणार होते, म्हणून तिथला दवाखाना दाखवायला त्यांना हुकमानं बोलावलं होतं. नर्सनं जेवढं येत होतं तेवढं केलं. मी त्या मुलीच्या उशाशी बसून होते. डॉक्टरीणबाई दुपारच्या गाडीनं आल्या त्या स्टेशनावरून तशाच आत गेल्या. बाळ वाचलं. आई गेली.

सासूनं सुनेला लुगड्यात गुंडाळून गाडीत ठेवलं, नातू पदराखाली घेतला, आणि माझ्याकडं न बघता निघून गेली.

पुढच्या बाजारापर्यंत परभणीत बोलवा उठली. डॉक्टरीण बायकांना कापते, रक्त काढून हैदराबादेला पाठवते, पेडगावच्या पोरीच्या अंगात थेंब राहिला नव्हता, असं लोक बोलायला लागले. कासारीण मावशीला दोन घरांतून पेटी उचलून जायला सांगितलं. दवाखान्यात ज्या होत्या त्याही उठून गेल्या. एक बाई तर बाळंत होऊन दुसऱ्याच दिवशी चालत निघाली.

पोलीस ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, दवाखान्यात आले. त्यांनी खुर्चीवर बसून सांगितलं की बाजारात बडबड करणाऱ्या दोघांना आत टाकतो, दवंडी पिटवतो, सगळं गप्प होईल. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी बोलायचं कारण नव्हतं, पण बोलले. लोकांना आत टाकलंत तर त्यांचं खरं होईल, असं मी अमीनांना म्हणाले. ते बाईमाणसाच्या बोलण्यावर हसले, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना थोडे दिवस थांबायची विनंती केली.

ते गेल्यावर मी म्हणाले की मला पेडगावला जाऊ द्या.

"जाऊन काय सांगणार?"

"घडलं ते. तुम्ही इथं नव्हता, हेही."

त्यांचा चेहरा लाल झाला. मी हौसेनं गेले होते का, मला हुकूम होता, असं त्या म्हणाल्या. मी म्हणाले, हुकूम होता हेही सांगेन. पण आधी तुम्ही इथं नव्हता हे सांगावं लागेल, कारण ती बाई दवाखान्यात बसून होती आणि तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे. तिला माहीत असलेलं आपण लपवलं, तर आपल्या बाकीच्या खऱ्यावर ती कशाला विश्वास ठेवील? त्या उठून आत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. रिकाम्या वॉर्डात त्या एकट्या फेऱ्या मारायच्या, मी ओसरीवर बसलेली असायची. मला वाटलं नोकरी गेली. तरी रोज वेळेवर जात राहिले.

तिसऱ्या सकाळी त्या ओसरीवर येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाओ. और बोलो, मैं नहीं थी."

कासारीण मावशी बरोबर आली. पेटी तिनं घरी ठेवली होती. पेडगावच्या त्या घरात आम्हाला कुणी या म्हणालं नाही, पाणी विचारलं नाही. सासू ओट्यावर बसून नातवाला बोटानं शेळीचं दूध चाटवत होती. मी खाली जमिनीवर बसले. आजूबाजूच्या बायका जमल्या. मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई कुठं होत्या, का होत्या, नर्सनं काय केलं, काय तिला जमण्यासारखं नव्हतं. रक्त कुणी काढलं नाही, रक्त अंगावरून गेलं, ते थांबवता आलं नाही, हेही सांगितलं.

सासूनं मान वर केली. "तुमी मला काय म्हणलाव व्हतं? डॉक्टरीण हाय म्हणलाव व्हतं."

"म्हणाले होते."

"ती नव्हती."

"नव्हती."

"मग आता हे सांगायला कामून आलाव? मला काय म्हाईत न्हाई का?"

मी म्हणाले की तुम्हाला माहीत आहे, पण आम्ही ते कबूल करतो की नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं.

तिनं पोराच्या तोंडाला लागलेलं दूध पदरानं पुसलं. मला वाटलं आता उठायला सांगेल. मग ती सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रगत काढलं न्हाई. मी तितंच बसून व्हते. पर दुसऱ्या कुणाच्या लेकीला बोलावताना डॉक्टरीण घरला हाय का न्हाई, हे आदी सांगत जावा. मोकळ्या दवाखान्यात बोलावू नका."

तिनं माफ केलं असं मी म्हणणार नाही. उठताना तिनं आम्हाला गूळपाणीही दिलं नाही. पण रक्त काढल्याची गोष्ट तिच्या तोंडून खोटी पडली, आणि तिच्या तोंडून पडली म्हणूनच ती गेली. मी घरोघर शपथा घेतल्या असत्या तरी गेली नसती.

परत येताना बैलगाडीत मी एकच विचार करत होते. डॉक्टरीण आहे की नाही हे खेड्यातल्या बाईला कळणार कसं? मावशी म्हणाली की खेड्यातले लोक दूध, भाजी, लाकडं घेऊन रोज परभणीला येतात, त्यांना लांबून दिसेल असं काही करा. मी दवाखान्याच्या आवारात एक उंच बांबू रोवला आणि डॉक्टरीणबाई असल्या की त्यावर एक फिकट झालेलं लाल लुगडं चढवायला लागले. त्या दौऱ्यावर गेल्या की उतरवायचं. ही खूण मावशी बांगड्या भरताना घरोघर सांगायची.

आठवड्यातच अमीन पुन्हा आले. ते दिवस निजामाविरुद्धच्या चळवळीचे, झेंड्यांचे होते. कुठल्या रंगाचं कापड कुठं लागलं यावरून माणसं तुरुंगात जात. हे कुठल्या पार्टीचं निशाण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ते निशाण नाही, लुगडं आहे, वाळत घातलंय. त्यांनी वर बघितलं. काठ आणि पदर स्पष्ट दिसत होते. ते सायकलवर बसून गेले. पुढं डॉक्टरीणबाईंनी त्यांना खरा उपयोग समजावून सांगितला, आणि काही दिवसांनी त्यांचीच बायको लुगडं बघून तपासून घ्यायला आली.

बायका परत यायला लागल्या, पण भीत भीत. संक्रांत आली तेव्हा मी दवाखान्यात हळदी-कुंकू ठेवायचं ठरवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या घरी हिंदू बायका कशा येतील? मी म्हणाले, हे घर तुमचं नाही, दवाखाना सगळ्यांचा आहे, आणि हळदी-कुंकू मी लावणार आहे. सासूबाईंनी मला स्पष्ट सांगितलं की तू असलं काही केलंस तर मी त्या दिवशी तुझ्या हातचं खाणार नाही. मी त्यांचा स्वयंपाक पहाटे जाऊबाईंकडून करवून घेतला आणि निघाले.

ओसरीवर सतरंज्या टाकल्या. बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ मांडला. मावशी बांगड्या घेऊन बसली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दोन मास्तरांच्या बायका आल्या, त्यांच्यामागं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांच्या घरच्या, मग एकदम गर्दी झाली. मी सगळ्यांना आत नेलं. बाळंतिणीची खोली दाखवली, उकळत्या पाण्यातली हत्यारं दाखवली. एका म्हातारीनं खाटेवर बसून बघितलं आणि ही माझ्या बाजेपेक्षा बरी आहे असं म्हणाली.

मग प्रश्न सुरू झाले. मी नेहमीप्रमाणं उर्दूत सांगायला वळले, तर डॉक्टरीणबाईंनी हातानं मला थांबवलं. त्या मोडक्या मराठीत स्वतः बोलायला लागल्या. इतक्या दिवसांत त्यांनी माझं ऐकून ऐकून मराठी उचललं होतं, हे मला माहीत नव्हतं. क्रियापदं चुकत होती. बायका हसत होत्या आणि चुकलेलं दुरुस्त करत होत्या. मी मागं भिंतीला टेकून उभी राहिले. आपण बोललो नाही तरी चालतंय, याचं मला त्या दिवशी जेवढं समाधान झालं तेवढं पुढं कुठल्या शाबासकीनं झालं नाही.

पुढं महायुद्धाची वर्षं गेली. दवाखान्याचं नाव हैदराबादेपर्यंत पोचलं आणि तिथून एक साहेब आले. त्यांनी माझ्यासमोर मोठी जागा ठेवली. राजधानीत कचेरी, पंखा, खुर्ची, मराठी मुलखासाठी सरकारी पत्रकं लिहायची. दरवर्षी बढतीही मिळेल, असं ते म्हणाले. मी विचारलं की पत्रकात काय लिहायचं हे कोण ठरवणार. ते वरून ठरून येईल, असं उत्तर मिळालं. खेड्यांत जायला मिळेल का, तर नाही.

घरी नवरा जायला तयार होता. तिथल्या शाळेत बदली मिळवतो म्हणाला. मी दोन-तीन दिवस विचार केला. मला वर जायचं होतं, ते खोटं कशाला सांगू? पण एकटीनं वर जाऊन वरून ठरलेलं लिहिण्यापेक्षा मला माझ्यासारख्या आणखी बायका हव्या होत्या. जिल्हा मोठा, खेडी लांब लांब, आणि मी नि मावशी दोघीच. मी साहेबांना म्हणाले की मला हैदराबादेची जागा नको, परभणीतच जागा द्या, आणि माझ्या हाताखाली तीन बायका द्या. ते म्हणाले, असा हुद्दाच नाही. मी म्हणाले, सगळ्यांना तर्जुमान लिहा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या बाजूनं इतका नेट लावला की मान्य झालं.

पहिली जागा मी कासारीण मावशीला दिली. तिला सही येत नव्हती म्हणून कचेरीनं हरकत घेतली. मी तिला सही शिकवली. दुसरी एका मुसलमान तांबोळ्याची लेक, तिसरी सेलूकडची एक शिक्षिका. प्रत्येकीला मी आधी नुसतं ऐकायला बसवलं, मगच बोलू दिलं. शिक्षिकेला बोलण्याची घाई असायची, तिला हे फार जड गेलं, पण पुढं सगळ्यांत चांगली तीच झाली.

अठ्ठेचाळीस साल वाईट गेलं. रझाकारांच्या भीतीनं रस्ते ओस पडले, माणसं हद्दीपार गेली, आणि लष्कर येऊन निजामी संपल्यावर भीतीची दिशा तेवढी बदलली. आता तांबोळ्याची लेक घराबाहेर पडेना. डॉक्टरीणबाईंनी सामान बांधायला घेतलं. बाजारात काही जण उघड बोलायला लागले होते की आता तिच्याकडं कोण जाणार.

मी त्यांच्या घरी गेले. त्या पुस्तकं पेटीत भरत होत्या. मी थांबा म्हणाले नाही. एवढंच विचारलं की उद्या आमच्याबरोबर बाजारातून चालत याल का. त्यांनी हातातलं पुस्तक पेटीवर ठेवलं. मग विचारलं, "कुछ हुआ तो?"

"आम्ही चौघी आहोत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबोळ्याच्या लेकीला तिच्या घरून घेतलं आणि आम्ही पाच जणी भर मोंढ्यातून दवाखान्यापर्यंत चालत गेलो. मी आणि शिक्षिका दोन बाजूंना, डॉक्टरीणबाई मधे, मावशी पेटी घेऊन पुढं. बायका दारांत येऊन बघत होत्या. एक माणूस आडवा आला आणि काहीतरी बोलायला लागला. मावशीनं त्याला त्याच्या दोन मुलींची बाळंतपणं कुणी केली ते सगळ्यांसमोर विचारलं. तो बाजूला झाला. पुढं काही झालं नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत ओसरीपुढं दोन बैलगाड्या आल्या.

त्या आणखी काही वर्षं परभणीत राहिल्या आणि मग रीतसर बदली होऊन गेल्या. नव्या राज्याच्या अधिकाऱ्यांनी सगळे कागद तपासले, तेव्हा मला बोलावून विचारलं की तर्जुमान म्हणता, पण आता इथं सगळे मराठीच बोलतात, मग तुमचं काम काय? मी त्यांना पेडगावची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि जागा चालू ठेवल्या. त्याच आठवड्यात मी चौथी मुलगी निवडायला बसले. आलेल्या मुलींना मी कुठलाच प्रश्न विचारला नाही. मावशीबरोबर एकेकीला दिवसभर खेड्यात पाठवलं आणि संध्याकाळी विचारलं की काय ऐकलंस.